सळई गेली होती का?

३० एप्रिल २०१७, रविवार

आई आज आल्या. तीन महिने राहणार. त्या घरात असताना मनातलं मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून ही वही उघडली आहे.

आई म्हणजे सत्यजितच्या आई, अंजनाबाई मेश्राम. नागपूरच्या महापालिका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण हे त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्यांनी एस-बान गाडीच्या स्वच्छतेला बरे गुण दिले आणि मुक्ताच्या मराठीला नापास केलं. मुक्ता, माझी आठ वर्षांची लेक, तिला सगळं समजतं, फक्त उत्तर जर्मनमध्ये येतं. आजीने तीनदा विचारलं, भूक लागली का. तिन्ही वेळा 'नाइन', म्हणजे नाही. आजीला वाटलं, नातीला नऊ पोळ्या हव्यात की काय. सत्यजित हसून हसून बेजार.

जेवताना आईंनी मला विचारलं, नवी नोकरी कशाची. सत्यजितने ताटात मान घातली. मी म्हणाले, कानांचं संरक्षण करणारी उपकरणं बनवतो. हे खोटं नाही. सरकारी परवान्याच्या कागदावर कारण म्हणून अगदी हेच लिहिलेलं असतं. तरी मी पाणी आणायला म्हणून उठले.

५ मे, शुक्रवार

आईंना जे सांगितलं नाही ते इथे तरी सरळ लिहावं.

प्लोखिंगेनच्या पुढे एका गावात आमची शेड आहे. मालक हेर आइझेले धरून नऊ माणसं. आम्ही शिकारीच्या रायफलींचे सप्रेसर बनवतो, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचं जाड नळकांडं. आत भोकं पाडलेले पडदे एकामागे एक असतात. गोळी भोकांतून पुढे निघून जाते, तिच्यामागचा धडाका पडद्यांत अडकतो. शिकाऱ्याचे कान वाचतात, त्याच्या कुत्र्याचे वाचतात. हरणाला त्याचा काय उपयोग, हे कुणी विचारत नाही. गेल्या एक-दोन वर्षांत एकेका राज्याने शिकाऱ्यांना हे वापरायची मुभा दिली आणि तेव्हापासून आइझेलेंचा फोन खाली ठेवला जात नाही.

माझं काम जुळवणीचं. नळकांडं आमचं एकच, पण रायफली शंभर प्रकारच्या आणि प्रत्येकीच्या तोंडावरचे आटे निराळे. कुणाचे मेट्रिक, कुणाचे अमेरिकन इंची. कधी तर एकाच मॉडेलला इथे विकायला एक आटे आणि अमेरिकेत विकायला दुसरे. दोन्हींच्या जाडीत केसाएवढा फरक. म्हणून मध्ये अडॅप्टर लागतो. मी बरोबर अडॅप्टर निवडायचा, आतल्या खोलीत रायफलीवर बसवून बघायचा, त्यावर नळकांडं चढवायचं आणि पुढून एक सरळ पोलादी सळई आत सोडायची. सळई सगळ्या पडद्यांच्या मधोमध जाऊन नळीत उतरली की सगळं एका रेषेत. कुठे घासली तर गोळीही तिथेच घासणार. आइझेले म्हणतात, ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका, सळईवर ठेवा. दिवसातून दोनदा तरी म्हणतात.

मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीतलं माझं कंत्राट संपलं, त्यानंतर दीड वर्ष मी घरी होते. अर्ज करत होते आणि मुक्ताचे डबे भरत होते. आइझेलेंनी विचारलं, सोमवारपासून येता का, तेव्हा मला पंचशील आठवलं नाही, खोटं कशाला बोलू. ते पहिल्यांदा रायफल हातात घेतली तेव्हा आठवलं. आणि आता देवघरासारखी मांडलेली बुद्धमूर्ती आणि तिच्यासमोर रोज सकाळी वंदना घेणाऱ्या आई घरात आहेत, तेव्हा दर सकाळी आठवतं. जीवहिंसा करणार नाही असं सातला म्हणायचं आणि आठची गाडी पकडायची.

१० मे, बुधवार. बुद्धपौर्णिमा

आज कितीतरी दिवसांनी मन स्वच्छ आहे.

आईंनी पहाटे उठवलं. दोघींनी पांढरं नेसून अष्टशील घेतलं. दुपारी बारानंतर जेवायचं नाही. सुट्टी मिळण्यासारखी नव्हती, हरणांचा मोसम एक तारखेला सुरू झाला आहे आणि आइझेलेंनी आधीच सगळ्यांना हात जोडले आहेत. म्हणून मी मनाशी ठरवलं, कामावर जाईन, पण आजच्या दिवशी बंदुकीला हात लावणार नाही. पांढरा कुर्ता घालूनच गेले.

आणि खरंच नाही लावला. दिवसभर ड्रॉइंगं आणि कॉम्प्युटर. दुपारी एकच रायफल होती, हेर मोझर नावाच्या गिऱ्हाइकाची, त्यांना पाचपर्यंत हवी होती. मॉडेल ओळखीचं निघालं, गेल्याच महिन्यात आम्ही त्याचे दोन बसवून दिले होते. खणातून तोच अडॅप्टर काढला, पिशवीत घातला, जुळवणीच्या कार्डावर सही केली. रायफल कपाटातून बाहेर काढायची वेळच आली नाही.

पाचला मोझर आले. सत्तरी उलटलेले, काटक, चाळीस वर्षं आल्बच्या डोंगरावरच्या एका गावात औषधांचं दुकान चालवलेले. आमच्याकडे रीत अशी की शेवटचं आवळणं गिऱ्हाइकाने स्वतः करायचं, म्हणजे पुढे घरी सोडवता-बसवता येतं. मी काचेपलीकडून बघत होते. त्यांनी हात पुसले, अडॅप्टर फिरवला, मग पाना लावून सावकाश, पूर्ण जोर देऊन आवळला. पुन्हा एकदा पाना लावून खात्री केली. जाताना माझ्या पांढऱ्या कपड्यांविषयी विचारलं. मी सांगितलं, आज बुद्धांचा जन्मदिवस. त्यांनी टोपी काढून माझं अभिनंदन केलं.

संध्याकाळी कॅन्स्टाटच्या हॉलमध्ये आपले सगळे बौद्ध जमले होते. आईंनी खीर वाटली. मी शीलामुळे खाल्ली नाही आणि त्याचंही समाधान वाटलं.

१४ मे, रविवार

विशेष काही नाही. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली, तशी पाटी दारावर लटकली आहे. आईंना ही पद्धत फार आवडली. शेजारच्या फ्राउ क्नोलबाईंनी कठडा पुसला नव्हता हे त्यांनीच शोधून काढलं.

१९ मे, शुक्रवार

मोझरांचा सप्रेसर फुटला.

बुधवारी संध्याकाळी ते मचाणावर बसले होते. एकच गोळी झाडली. गोळी आतल्या पडद्यांना घासून गेली, पुढचं टोक फाटून उडालं आणि एक कपची त्यांच्या डाव्या हातात घुसली. त्युबिंगेनला ऑपरेशन झालं. दोन बोटांना संवेदना नाही, येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. कुत्रा खाली बांधलेला होता, त्याला काही झालं नाही. हे सगळं आइझेलेंनी उभ्या उभ्या सांगितलं आणि मग ते शेडबाहेर जाऊन उभे राहिले.

मी दुपारभर एका ड्रॉइंगकडे बघत होते. कुठलं ते आठवत नाही.

२० मे, शनिवार

मोझरांची रायफल अमेरिकेतून आणलेली होती का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतही नाही. रायफल हातात घेतली की कळतं.

२२ मे, सोमवार

आइझेलेंनी फुटलेलं नळकांडं टेबलावर ठेवलं. त्यात अडॅप्टर अजून अडकलेला. त्याच्या आट्यांवरून दिसतं की तो चारपाच फेरेच आत गेला होता, नळीच्या खांद्याला, म्हणजे आटे संपतात त्या कडेला, टेकलाच नव्हता. मधे फट राहिली, म्हणून नळकांडं वाकडं बसलं. आइझेलेंचा निष्कर्ष: म्हाताऱ्याने नीट आवळलं नाही.

रायफल बघायला मिळाली असती तर तिचे आटे इंची आहेत हे क्षणात त्यांच्या ध्यानात आलं असतं. मेट्रिक अडॅप्टर इंची आट्यांवर चार फेरे जातो आणि मग अडकतो. हाताला वाटतं, घट्ट बसला. पण रायफल मोझरांच्या घरच्या कपाटात आहे. त्यांना तिच्याकडे बघवत नाही म्हणे. आणि विमा कंपनीला त्यांनी इस्पितळातूनच सांगून टाकलं की चूक आपलीच असणार. त्यामुळे तिकडूनही कुणी रायफल मागवली नाही.

आइझेलेंनी मला एकच प्रश्न विचारला. "सळई गेली होती?"

मी होय म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता म्हणाले, "गेनाऊ, बरोबर. अगदी सरळ."

त्यांनी मान हलवली. त्यांना दुसरं काही ऐकायचं नव्हतंच. त्यांचाही जीव भांड्यात पडला असणार.

२५ मे, गुरुवार

सणाची सुट्टी. सकाळी एकटीच वाइहिंगेनच्या रानात फिरायला गेले. वळणावर एक मादी हरीण उभं होतं. कान टवकारून माझ्याकडे बघत राहिलं. मला एकदम रडू कोसळलं, रस्त्यात बाकावर बसून रडले. एक सायकलवाला थांबून विचारायला लागला, काही मदत हवी का.

किती जीव माझ्या हातच्या नळकांड्यांमधून गेले असतील? मी स्वतः घोडा ओढत नाही हे खरं, पण म्हणून काय झालं? सम्यक आजीविका म्हणजे काय, ते शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत बोलून दाखवलं होतं, कप मिळाला होता. शस्त्रांचा व्यापार करू नये. इतकं साधं. मी नालायक आहे. आजपासून मांसमच्छी बंद, अंडीसुद्धा बंद.

घरी येऊन सांगितलं तर आईंनी नुकतीच अंडाकरी केलेली. त्या म्हणाल्या, उद्यापासून पाप बंद कर, आजची करी खाऊन घे. मी खाल्ली नाही. सत्यजितने माझ्या वाटचीही खाल्ली आणि मला विचारलं, ऑफिसात काही झालंय का. मी म्हटलं, काही नाही, हरीण दिसलं.

हे पहिल्या शीलाचं ओझं आता सोसवत नाही. मोझरांच्या बाबतीतही शेवटी मूळ तेच. बंदूकच नसती तर काही झालंच नसतं.

३० मे, मंगळवार

मोझर आले होते. डावा हात गळ्यात बांधलेला. मुलगी, आन्के, त्यांना गाडीने घेऊन आली आणि बाहेरच थांबली.

ते माफी मागायला आले होते. आइझेलेंची माफी. त्यांच्या फर्मचं नाव आपल्या निष्काळजीपणामुळे खराब व्हायला नको होतं, म्हणाले. घरच्या प्लमची दारू आणली होती बाटलीभर. आइझेले ओशाळले, कॉफी घ्या म्हणाले, खुर्ची दिली.

मग मोझर बोलायला लागले. इतकं स्वच्छ, औषधाच्या चिठ्ठीसारखं नेमकं बोलतात. म्हणाले, मला आठवतं की मी आवळलं. दोनदा आवळलं. पाना लावलेला दिसतो मला डोळ्यांसमोर. पण अडॅप्टर टेकलेलाच नव्हता, म्हणजे मी आवळलं नाही. म्हणजे जे घडलंच नाही ते मला आठवतं. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. ती न घडलेलं सांगायची आणि शपथेवर सांगायची. शेवटी ती मला ओळखत नव्हती.

शिकारीचा परवाना ते परत करणार आहेत. गाडीची किल्ली आन्केला देऊन टाकली. आता घरातली औषधंही तीच काढून देते. चाळीस वर्षं ज्यांनी गावाला औषधं मोजून दिली, त्यांना.

निघताना ते माझ्या टेबलाशी थांबले. "फ्राउ मेश्राम, तुम्ही काचेतून बघत होता. मी आवळलं होतं का?"

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं, हेर मोझर. माफ करा."

ते म्हणाले, "नाही नाही, तुमचं काय त्यात." आणि टोपी काढली.

हा धंदाच वाईट आहे. राजीनामा द्यायला हवा.

२ जून, शुक्रवार

राजीनाम्याचं पत्र लिहिलं. कारण काय लिहावं ते सुचेना. 'धार्मिक कारणास्तव' असं लिहिलं, ते वाचून बरं वाटलं. सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी देईन. म्हणजे सगळं मिटेल.

४ जून, रविवार

मिटलं नाही.

काल मुक्ताने आजीला सगळं सांगितलं. आजीने विचारलं, तुझी आई काय बनवते, आणि मुक्ताने चक्क मराठीत सांगितलं, आई बंदुकीचं नळकांडं बनवते. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मराठी वाक्य बोलली ती हे. आईंनी काल काही दाखवलं नाही. आज वंदना झाल्यावर सत्यजित मुक्ताला घेऊन खेळाच्या मैदानावर गेला, तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि शेंगा निवडायला बसवलं.

मी वाट बघत होते की आता त्या मला फैलावर घेतील. खरं तर घ्यावं असंच वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, काहून लपवलं. मग मीच धबधब्यासारखी सुरू झाले. पहिलं शील, आजीविका, रानातलं हरीण, सगळं. राजीनामा लिहिला आहे तेही सांगितलं. मला वाटत होतं की त्या डोळ्यांना पदर लावतील. त्या शेंगांचे दोरे काढत राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, तुझे सासरे जन्मभर दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. गोळे भरायचे. त्याच पगारावर सत्यजित शिकला. मला हे माहीत होतं, पण कधी असं समोर मांडून बघितलं नव्हतं. रामदासबाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मी फोटोतच बघितलं आहे, आणि फोटोतला माणूस काय काम करायचा याचा विचार आपण करत नाही. आई म्हणाल्या, त्यांनाही ते आवडत नव्हतं, पण बाबासाहेबांच्या नंतर ज्या पिढीला सरकारी नोकरी मिळाली तिला निवडायला बसायची चैन नव्हती. ते म्हणत, गोळा कुठे पडेल ते माझ्या हाती नाही, पण भरताना बाजूच्या माणसाचा हात तुटू नये एवढं माझ्या हाती आहे.

मला ते ऐकून धीर आला. मी म्हणाले, "आई, मी निदान पौर्णिमेला तरी बंदुकीला हात लावला नाही. दिवसभर नाही लावला."

त्यांचा हात थांबला. "मग त्या दिवशीचं काम कोणी केलं?"

एवढा साधा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. वर्गात पाठीमागच्या बाकावरच्या मुलीला विचारतात तसं, आवाज न चढवता.

मग मी मोझरांचं सांगितलं. अडॅप्टर, सळई, कार्डावरची सही, आइझेलेंना दिलेलं उत्तर, काचेतून बघितलेला पाना. सांगताना लक्षात आलं की या वहीत मी हरणाबद्दल पानभर लिहिलं आहे आणि या माणसाबद्दल जेमतेम.

आईंनी पुढची शेंग उचलली. मग म्हणाल्या, "हात लावायचा नव्हता तर सुट्टी घ्यायची होती. तुझे सासरे पौर्णिमेला सुट्टी घेत, पगार कापला जाई तरी घेत. अर्धी पौर्णिमा अन् अर्धं काम, असं कुठं असते का?"

मी म्हटलं, मी नोकरी सोडतेच आहे.

"सोड. पण ते हरणासाठी. हरणाला तुझ्या राजीनाम्याचं काही पडलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पहिल्या शीलाचं इतकं घेऊन बसली तू, उत्कर्षा. अन् चौथ्याचं? तो माणूस तिकडे स्वतःला वेडा समजून राहिला."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. रोज सकाळी तेही मी म्हणत होते, आइझेलेंना आणि मोझरांना खोटं सांगितल्यानंतरसुद्धा. जीभ एकदाही अडखळली नाही.

मला आईंचा राग आला, हेही लिहून ठेवते. एवढं रडून झाल्यावर कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्यापुढे उरलेल्या शेंगा सरकवल्या.

६ जून, मंगळवार

सकाळी पहिल्या गाडीने गेले. राजीनाम्याचं पत्र घरीच फाडलं. ते दिलं असतं तर आइझेलेंनी माझ्या धर्माचा आदर केला असता, निरोपाची पार्टीसुद्धा दिली असती.

मी त्यांना उभ्यानेच सांगितलं. सळई घातली नव्हती. रायफल कपाटातून काढलीच नव्हती. तिचे आटे इंची असणार, मोझरांना विचारून खात्री करता येईल. मला तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.

आइझेले खाली बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "आल्झो." म्हणजे, असं तर. त्यांनी मोझरांना फोन करून रायफलीच्या तोंडावरचा आट्यांच्या मापाचा शिक्का वाचायला लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, त्यांचा चेहरा बघून कळलं.

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, फ्राउ मेश्राम. चूक कुणाचीही होते, म्हणून तर विचारलं होतं." मग त्यांना स्वतःचंही आठवलं असावं, कारण म्हणाले की रायफल बघितल्याशिवाय मी गप्प बसायला नको होतं. ते विमा कंपनीला आणि परवाने देणाऱ्या खात्याला आजच कळवणार आहेत. मी हात लावलेली प्रत्येक जुळवणी परत मागवून सळई घालून बघणार आहेत. नऊ माणसांची फर्म यातून तगेल की नाही हे त्यांना ठाऊक नाही. मी उद्यापासून येऊ नये, काय ते पत्राने कळवतील.

मी म्हटलं, मोझरांना मी स्वतः जाऊन सांगते. ते म्हणाले, ते माझं काम आहे. मी म्हटलं, अपघाताचं सांगणं तुमचं. काचेतून काय दिसलं ते माझं. त्यांनी हरकत घेतली नाही.

सत्यजितला संध्याकाळी सगळं सांगितलं. तो चिडला, नोकरी गेली म्हणून नाही, त्याला सोडून आईंना आधी सांगितलं म्हणून. त्याचं बरोबर आहे.

९ जून, शुक्रवार

म्युन्सिंगेनपर्यंत गाडी आणि पुढे बस. आई येते म्हणत होत्या, मी नको म्हटलं. त्यांनी पिशवीत चिवड्याचा डबा घातला. मी तो वाटेत बसच्या थांब्यावर काढून ठेवला आणि पुन्हा पिशवीत घातला. माफी मागायला जाताना चिवडा न्यायचा की नाही हे मला कळेना. शेवटी दिला नाही.

मोझर बागेत होते, एका हाताने वेलाला काठी बांधायचा प्रयत्न करत होते. आइझेलेंचा फोन झाल्यामुळे आट्यांचं त्यांना कळलं होतं. ते मला म्हणाले, अडॅप्टर चुकीचा होता असं ऐकलं, पण तरी मी नीट आवळायला हवा होता ना? त्यांचा हिशेब अजून तिथेच अडकला होता.

मी म्हणाले, "तुम्ही आवळला होता. दोनदा, पाना लावून, पूर्ण जोर देऊन. मी काचेतून सगळं बघितलं. तो पुढे जाऊच शकत नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं."

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग घराकडे वळून आन्केला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, तिला वाटलं त्यांना काही झालं. त्यांनी मला सांगितलं, "पुन्हा सांगा. हिच्यासमोर."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगताना तुम्ही, तुम्ही करत होते, आता 'तुमच्या वडिलांनी' म्हणावं लागलं, आणि ते जास्त कठीण गेलं. आन्केचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, गेल्या आठवड्यात मी त्यांना स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबांनी रडत रडत तपासणीसाठी घड्याळाचं चित्र काढून दाखवलं तिथे. तुम्हाला कल्पना आहे का? मी म्हटलं, नाही. ती आत निघून गेली आणि दार आपटलं.

मोझर बाकावर बसले. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. वाटलंही असेल थोडं, त्यांनी एकदा स्वतःशीच मान डोलावली. पण मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, बऱ्या हाताच्या. सोमवारी शेगडी चालू राहिली. नातीचा वाढदिवस विसरलो. शेजाऱ्याचं नाव दोन मिनिटं आठवेना. कुत्र्याला दोनदा जेवण दिलं. हे सगळं अपघातानंतरचं, म्हणाले. आधी कधी असं होत नव्हतं. की होत होतं आणि मी लक्ष देत नव्हतो? "यातलं माझं खरंच किती, आणि धास्तीने झालेलं किती, फ्राउ मेश्राम?"

मी म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार, हेर मोझर."

"नाही," ते म्हणाले. "ते आता कुणालाच नाही सांगता येणार."

त्यांनी मला जायला सांगितलं नाही आणि थांबायलाही नाही. मी फाटक लावून बाहेर आले. बसला वेळ होता आणि थांबा त्यांच्या कुंपणाला लागूनच, त्यामुळे आन्के पुन्हा बागेत आलेली मला कळली. मोझर तिला दहा मेची ती संध्याकाळ पहिल्यापासून सांगत होते. दारातून आत आलो, हात पुसले, अडॅप्टर फिरवला, पाना लावला. ती म्हणाली, हो बाबा, बरोबर आहे. आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.